शटरच्या फटीतला वारा

२८ जून

आज मला नौफलच्या घरी आणून टाकलं. शब्द विचार करून लिहिला आहे. मी इथे आले नाही. इस्पितळातून दोघांनी मला खुर्चीसकट उचललं, गाडीत घातलं, आणि खजुरांच्या राईकडे वळायच्या ऐवजी गाडी सरळ वर माळावर आणली.

"नौफल, वळण गेलं मागे," मी म्हटलं.

"माहीत आहे, अम्ती."

माझ्या भावाचा हा मुलगा मला असं गोड आवाजात 'अम्ती' म्हणतो, तेव्हा आपल्या आत्यापासून त्याला काहीतरी लपवायचं तरी असतं, नाहीतर काढून तरी घ्यायचं असतं. "पाय मोडलाय तुझा. खाली बागेतल्या घरात तुला पाण्याचा पेला तरी कोण देणार?"

पाटाच्या शेवाळावर घसरले, एवढाच माझा गुन्हा. लहानपणापासून त्याच पाटात पाय धुतले. त्याने एकदा घसरवलं म्हणून मला हद्दपार करायचं?

घर नवं आहे, रस्त्याच्या कडेला, राईबाहेर. सिमेंट, काच आणि फरशी. सावलीला एक झुडूप नाही. नौफलची बायको सुंदुस एसी लावते आणि खोलीचं मांसाचं दुकान करते. मी म्हटलं, "मला टांगून ठेवायचं असेल तर आकडा कुठे आहे?" ती हसली. मुलगी वाईट नाही, फक्त तिला वाटतं गारवा भिंतीतल्या डब्यातून येतो.

एक गोष्ट मात्र आहे. खोलीच्या खिडकीतून खाली सगळी राई दिसते, आणि राईच्या मधोमध माझी बाग. लांबून ओळखायची खूण म्हणजे माझा 'उंट'. बाबांनी लावलेला तो खजूर लहानपणी वाऱ्याने वाकला आणि मग पुन्हा सरळ वाढला, म्हणून त्याच्या खोडाला मान आहे. दिवस कलला की एसी बंद करायला लावते आणि खिडकी उघडते. राईचा वारा वर येतो. ओल्या मातीचा आणि पुदिन्याचा.

सिस्टर क्लोतिल्द आठवली. कॉन्व्हेंटमध्ये तिने एक थर्मामीटर गच्चीवर टांगला होता आणि दुसरा आमच्या बागेत अंजिराच्या फांदीला. आम्ही मुली भर दुपारी दोन्हींमध्ये धावायचो आणि आकडे ओरडून सांगायचो. गच्चीवरचा पारा वेड्यासारखा चढलेला असायचा, अंजिराखालचा शहाण्यासारखा बसलेला. सिस्टर म्हणायची, "झाडं घाम गाळतात म्हणून तुम्हाला गार वाटतं. वर खजूर, मधे अंजीर-डाळिंब, खाली भाजी. खालचा मजला ओला असेल तरच वरच्या सावलीचा उपयोग. नाहीतर ती नुसती छत्री." बाबांना फ्रेंच येत नव्हतं, पण तेही हेच सांगायचे, कुदळ हातात घेऊन.

१ जुलै

बेया आली. तिची बाग माझ्या बागेला लागून. आम्ही एकाच बाकावर बसून नन्सची छडी खाल्ली आहे. पुदिन्याची जुडी आणि मुलुखियाच्या भाजीचं भांडं घेऊन आली.

"कैद्याला डबा आणलाय," म्हणाली.

"पहारेकऱ्याने तपासला का?"

"सुंदुसने झाकण उघडून वास घेतला. घाबरली बिचारी, एवढी काळी भाजी बघून."

बेया गेल्यावर नौफलला बोलावलं. आमच्याकडे पाण्याची पाळी ज्याची, त्याने किंवा त्याच्या माणसाने पाटावर उभं राहून दारं धरायची. कुणी आलं नाही तर पाणी पुढच्याच्या बागेत जातं. माझ्यासाठी दारं धरायला नौफलच उरला आहे. आणि हाच नौफल हिवाळ्यात मला म्हणाला होता, "अम्ती, बाग विकून टाक. एकटीने किती दिवस ओढशील?" वाळवंटात नव्या कंपनीने खजुरांच्या रांगा लावल्या आहेत, खाली उघडी वाळू, एक अंजीर नाही, एक भोपळा नाही. त्यांना आमच्या पाळ्या हव्या आहेत. नौफल त्यांच्या माणसांबरोबर चहा पितो. मी इथून पाहिलं आहे, रस्त्यासमोरच्या टपरीवर.

यंदा मला घड भरलेले हवेत. सगळ्या गावाने पाहावेत असे. मग कोण म्हणतंय की म्हातारीला बाग झेपत नाही, ते बघते. गावचा पंप निम्म्या जोरावर चालतोय, पाणी तोकडं आहे. म्हणून नौफलला स्पष्ट सांगितलं, "पाणी फक्त खजुरांच्या आळ्यांत सोड. खालचं लसूणघास, पुदिना, भाजी वाळली तरी चालेल. एका उन्हाळ्याचा प्रश्न आहे."

"सगळं वाळू देऊ? बाबा तर म्हणायचे..."

"तुझा बाबा माझा धाकटा भाऊ होता. मी काय सांगते ते कर."

मान डोलावली. त्याच्या मान डोलावण्यावर माझा विश्वास नाही.

५ जुलै

उकाडा. संध्याकाळचा वारा आला, पण जरा कोरडा वाटला. पुदिन्याचा वास नव्हता. नाक चोंदलं असेल. एसीने दुसरं काय होणार.

प्लॅस्टरच्या आत खाज सुटते. सुंदुसने विणायची सुई दिली. या घरातली ही पहिली उपयोगी वस्तू.

७ जुलै

दुपारी दुखण्याची गोळी घेऊन झोपले. शटर अर्धं खाली होतं. जाग आली तर खोलीत काळोख, शटर पूर्ण खाली, आणि जळकट वास.

हाका मारल्या. बऱ्याच वेळाने सुंदुस आली, डोळे लाल.

"कांदा चिरत होते," म्हणाली.

"कांदा असा वास कधीपासून मारायला लागला?"

ती बाहेर गेली. नौफल दिवेलागणीनंतर आला. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं, अंगाला धुराचा वास. दारातच उभा राहिला.

"हाजींच्या पडीक बागेत आग लागली होती, अम्ती. सगळे गेलो होतो विझवायला. विझली."

मला नवल वाटलं नाही. हाजींची मुलं फ्रान्सला, लिओंत, बागेत वर्षानुवर्षं कुणी झावळ्या उतरवल्या नाहीत. पाणी नाही, माणूस नाही, नुसता सरपणाचा ढीग. दर उन्हाळ्यात अशी एखादी बाग पेटते आणि मग सगळे मालक फ्रान्समधून फोन करून रडतात. माझ्या बोर्डावरूनच जोडून द्यायचे मी ते फोन. टपाल कचेरीत सगळी नोकरी टेलिफोनच्या बोर्डावर गेली. या गावातलं प्रत्येक लग्न आणि प्रत्येक मरण आधी माझ्या कानावर आलं, मग घरच्यांच्या.

"आणि माझी बाग?" मी विचारलं. हाजींची दोनच बांध पलीकडे.

"तुझी ओली होती," नौफल म्हणाला. एसीकडे बघून म्हणाला.

"शटर वर कर."

"पट्टा तुटलाय. तोझरहून माणूस येईल दुरुस्तीला."

१३ जुलै

माणूस आला नाही. माणूस येणार नाही. या घरात दिवस आहे की रात्र ते मला जेवणावरून कळतं.

पण शटरच्या तळाशी एक फट आहे, बोटाएवढी. पलंग ओढून घेतला आहे, हात तिथवर पोचतो. रोज सूर्य कलताना तळवा फटीला लावून बसते. पूर्वी या वेळी राईकडून येणारा वारा हाताला ओला लागायचा. गेले काही दिवस भट्टीचं दार उघडल्यासारखा येतो. आधी वाटलं, सिमेंट तापलंय. पण सिमेंट तर पहिल्या दिवसापासून आहे. वारा बदलला आहे. तो राईवरूनच येतो, दिशा मला कळते, आणि तरी वाळवंटावरून आल्यासारखा येतो.

म्हणजे राईने घाम गाळणं थांबवलं आहे. घाम थांबला, कारण पाणी थांबलं. पाणी कुणी थांबवलं ते मला समजायला सिस्टर क्लोतिल्दची गरज नाही. आज सकाळी नौफलचे बूट दाराशी पाहिले. घोट्याच्या वरपर्यंत चिखल. माझ्या बागेत पाणी मिळत नाही आणि याच्या बुटांना चिखल. कुणाच्या रांगा भिजवून येतो हा?

बेया आली. हातात दुकानातली बिस्किटं.

"पुदिना कुठाय?" मी विचारलं.

"उन्हाने गेला."

"तुझा पुदिना? उन्हाने? अगं, तुझ्या अंगणातला पुदिना तुझ्या नवऱ्यालाही पुरून उरला."

एरवी तिने मला याहून वाईट काहीतरी ऐकवलं असतं. आज माझा हात धरला आणि म्हणाली, "मुफिदा, पाय बरा होऊ दे आधी."

"पायाचं काय मधेच?"

"काही नाही. डोळे आलेत माझे, जाते."

बेयालाही आपल्याकडे वळवलं त्याने. माझ्या बाकावरची एकच उरली होती.

१८ जुलै

आज सोक्षमोक्ष लावला. नौफल जेवण घेऊन आला तेव्हा ताटाला हात लावला नाही.

"माझी पाळी कुठे जाते?"

"तुझ्या बागेत."

"मग वारा गरम का येतो?"

त्याने ताट माझ्याकडे सरकवलं.

"लहानपणी तू माझ्या डब्यातल्या मकरूदच्या वड्या चोरायचास आणि ओठाला रवा लागलेला असताना नाही म्हणायचास. तेव्हा निदान मिशी नव्हती. सांग, कंपनीने काय कबूल केलंय?"

"अम्ती, जेव. थंड होतंय."

"या खोलीत दुसरं काय होणार? शटर लावून ठेवायचं, बेयाला फितवायचं, म्हातारीला बर्फात ठेवायचं. मी मेल्यावर सही घ्यायची गरजच नाही, वारस तूच."

त्याने ताट उचललं. त्याच्या हातावरचं फडकं निघालं होतं, खालची कातडी गुलाबी, पातळ. दारात वळला, तोंड उघडलं, आणि मिटलं. गप्प बसणं म्हणजे कबुली. बोर्डावर मी हे शिकले. खरं बोलणारा माणूस फोनवर मधे थांबत नाही.

पाणी मंडळाच्या बशीरसाहेबांना, सी बशीरना, फोन केला. म्हटलं, "माझ्या पाळीचं पाणी माझा पुतण्या विकतो आहे. तक्रार लिहून घ्या."

ते मला मानाने 'लल्ला' म्हणतात, बाईसाहेब म्हटल्यासारखं. आधी खाकरले. मग म्हणाले, "लल्ला मुफिदा, नीट बघतो मी."

"बघू नका. लिहा."

"लिहितो, लल्ला."

१९ जुलै

संध्याकाळी नौफल आला. उशाशी लिंबाचं सरबत ठेवलं. म्हणाला, "सी बशीर भेटले होते." एवढंच. चिडला नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

सुंदुसने मात्र आज पहिल्यांदा ताट आपटलं. कुसकुसचे दाणे चादरीवर उडाले. तिने उचलले नाहीत, मीही उचलले नाहीत.

फटीला हात लावला. भट्टी.

२५ जुलै

आवस्सूचे, वर्षातल्या सगळ्यात कडक उन्हाचे दिवस आजपासून सुरू. सगळे एसी एकदम लागले आणि दुपारी वीज गेली. सगळ्या जिल्ह्याची, असं सुंदुस म्हणाली. डबा बंद पडला आणि हे घर काय आहे ते तासाभरात कळलं. छत तापलं, भिंत तापली, पाणी प्यायचं तर पेला तापलेला. श्वास घेतला की छातीत गरम चिंधी कोंबल्यासारखं होई. नौफल घरात नव्हता.

"शटर उघड," मी सुंदुसला सांगितलं.

"पट्टा तुटलाय, अम्ती."

"मग भिंत फोड."

ती ओला पंचा आणायला गेली. वॉकर ओढून मी उभी राहिले. एका पायावर, भिंतीला धरून, पडदा बाजूला केला. पट्टा तुटलेला नव्हता. धडधाकट होता, आणि नायलॉनच्या दोरीने खाली घट्ट बांधलेला. तिच्या शिवणाच्या डब्यातली कात्री खिडकीशीच होती.

दोरी कापत होते तेव्हा सुंदुस दारात आली. "नका, अम्ती," म्हणाली. पण पुढे झाली नाही.

शटर वर गेलं. आधी फक्त उजेड. मग राई. कडेला हिरवी, आणि मधोमध मोठा काळा डाग, राईपलीकडच्या खाऱ्या तळ्याच्या बाजूपर्यंत गेलेला. मी उंट शोधला. तो होता. मान होती. मानेवर डोकं नव्हतं.

किती वेळ बघत होते माहीत नाही. वारा तोंडावर येत होता, त्याच भट्टीचा. इतके दिवस तो मला सरळ सांगत होता आणि मी त्याचं उत्तर नौफलच्या बुटांत शोधत होते.

सुंदुस फरशीवर बसली होती, भिंतीला टेकून.

"डॉक्टर म्हणाले होते, रक्तदाब वाढेल असं काही सांगू नका. मग रोज वाटायचं, उद्या सांगू." पुढे म्हणाली, "ते रोज तिकडेच असतात. तुमची पाळी धरतात. आमच्या बागेची पाळीपण तुमच्याकडे वळवलीये. झाडाचा गाभा जिवंत असला तर पाण्याने फुटतं म्हणे. आमचे घड वाळून गेले यापायी. आणि तुम्ही सी बशीरना फोन केलात."

मी कात्री तिच्या डब्यात परत ठेवली.

२६ जुलै

सकाळी सी बशीरना फोन केला. म्हटलं, ती तक्रार फाडून टाका.

"कुठली तक्रार, लल्ला?"

"मी लिहायला सांगितलेली."

"ती मी लिहिलीच नव्हती."

म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पाणी मंडळाला, बेयाला, टपरीवाल्याला. या गावाची प्रत्येक बातमी माझ्या कानातून गेली, आणि माझ्या स्वतःच्या बागेची मला शेवटी कळली. त्यांनी ती माझ्यापासून लपवायला इतकी मेहनत घेतली, याचा मला राग येतो की दुसरं काही, ते अजून ठरलेलं नाही.

नौफलला म्हटलं, "गाडी काढ."

"अम्ती, ऊन..."

"ऊन मी कालपासून ओळखते असं वाटतं का तुला?"

बागेतल्या घराचं छत खाली आलं आहे. खजुराच्या वाशांचंच ते, काय राहणार. माझी खाट, बाबांची कुदळ, सगळ्याचा एकच रंग. म्हणजे मुक्काम आता वरच्या सिमेंटमध्येच. किती दिवस, कुणाला माहीत. खोडं उभी आहेत, काळी, अंग सोलल्यासारखी. नौफल म्हणतो दोन झाडांच्या शेंड्यात हिरवी सुई आली आहे. बोटाने दाखवली. माझ्या चष्म्यातून दिसली नाही. मी दिसली असं म्हटलं नाही, नाही असंही म्हटलं नाही.

बेयाची बाग अर्धी वाचली आहे. आगीची कड सरळ रेघेसारखी दिसते. जिथे तिचे भोपळे आणि लसूणघास ओले होते, तिथे येऊन ती थांबली.

"माझ्याकडे का नाही थांबली?" मी विचारलं.

नौफल पाटाकडे बघत उभा होता. "खाली सगळं वाळलेलं होतं, अम्ती. घास कडकडीत. हाजींच्या बांधावरून ठिणगी आली आणि जमिनीवरून धावत गेली. मी फक्त आळ्यांत पाणी दिलं होतं."

"खालचा मजला कोरडा ठेवला? उन्हाळ्यात? बाबांच्या बागेत? हे असं करायला तुला कुणी सांगितलं होतं?"

तो वाकून बुटाचा चिखल काढत होता. बराच वेळ काढत होता.

"कुणी नाही," म्हणाला.

मग पाणी आलं. पाळी माझी होती. त्याने फावडं घेतलं आणि डावीकडचा बांध फोडला.

"डावीकडून काय सोडतोस," मी म्हटलं. "उतार उजवीकडे आहे. तुझा बापही असाच. आधी खालच्या वाफ्यांत जाऊ दे. खजुराला मग."

"वाफ्यांत काहीच नाही, अम्ती. राख आहे."

"राखेत जाऊ दे. उद्या बेयाकडून लसूणघासाचं बी आण. पुदिन्याच्या काड्यापण आण, पुदिना उन्हाने गेला म्हणाली तर सांग, मुफिदाने राई पाहिली."

तो हसला की खोकला ते कळलं नाही. बांध बुजवला, उजवीकडचा फोडला. पाणी राखेवर पसरलं, आधी आवाज झाला, मग वास आला.

त्याने मला उलट्या टोपलीवर बसवलं. प्लॅस्टरचा पाय विटेवर ठेवला, दुसरा पाटात सोडला. वर सावली नव्हती, आकाश पांढरं होतं, आणि वारा तोच. मी पाण्यात पाय हलवून पाहिला. घोट्यापर्यंत गार होतं. त्याच्या वर अजून नाही.